वेटसूटला माया नसते

आमच्या कोथरूडच्या ब्लाउज शिवणाऱ्या काकूंना मी माझा वेटसूट, म्हणजे पाण्यात ऊब राहावी म्हणून घालायचा रबरी सूट, दाखवायला नेला तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी तो उलटा केला. आयुष्यभर शिवणकाम केलेलं माणूस कपडा सरळ बाजूने बघतच नाही. शिवणीवरून अंगठा फिरवत फिरवत काखेपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "अगं, पण यात माया कुठंय?"

माया नसतेच. ब्लाउजला आपण आत इंच-दीड इंच कापड दाबून ठेवतो, घट्ट झाला की टीप उसवायची, सैल झाला की एक टीप मारायची, एकच ब्लाउज लग्नापासून मुलीच्या बारावीपर्यंत चालतो. चांगल्या वेटसूटमध्ये दोन तुकड्यांच्या कडा एकमेकींना नुसत्या टेकवून गोंदाने चिकटवतात आणि मग शिवतात, त्यामुळे उसवून सोडायला आत काही शिल्लकच नसतं. म्हणजे घेताना जसा बसला तसाच तो कायम बसणार. आणि बायकांचा घोळ नेमका इथेच होतो, कारण आपण कुर्तीचा साइज मीडियम म्हणून सूटही मीडियम मागवतो, किंवा भाड्याने जो हातात देतील तो घालतो, आणि मग दहा मिनिटात कुडकुडत वर येऊन म्हणतो की मला थंडी फार वाजते बाई, मला हे जमायचं नाही. बऱ्याचदा थंडी तुमच्या अंगात नसते, सूट बसलेला नसतो. हे मला मनापासून सांगायचंय, कारण या एका कारणापायी स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहणं) आणि ओपन वॉटर (समुद्र-तलावातलं पोहणं) कायमचं सोडलेल्या बायका मी बघितल्यात.

आधी हा सूट ऊब कशी देतो ते बघू, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. सूट निओप्रीनचा असतो. निओप्रीन म्हणजे कृत्रिम रबर, १९३० साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत तयार झालेलं. सूटसाठी हे रबर फेसाळून त्यात गॅसचे अगणित बारीक बुडबुडे अडकवतात. ढोकळ्याची जाळी कशी एकमेकींना जोडलेली असते आणि वरून ओतलेलं पाणी आतपर्यंत मुरतं, तसं इथे नाही, इथे प्रत्येक बुडबुडा स्वतःपुरता बंद. त्यामुळे रबर पाणी पीत नाही आणि अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. १९५१-५२ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांच्या लक्षात आलं की माणूस पाण्यात कोरडा राहायलाच हवा असं काही नाही, ओला असला तरी अंगाभोवती गॅसचा थर धरून ठेवणारं कापड असेल तर तो गारठणार नाही. वेटसूट आला तो इथून.

आता बऱ्याच ठिकाणी असं सांगतात की सूटमध्ये पाण्याचा पातळ थर शिरतो, तो अंगाने गरम होतो आणि तो आपल्याला ऊब देतो. हे अर्धवट आहे. ऊब राखतं ते रबर. आत शिरलेलं पाणी तुम्हीच स्वतःच्या अंगाची उष्णता खर्च करून गरम करता, म्हणून ते जितकं कमी तितकं बरं, आणि एकदा गरम झालं की ते आतच राहायला हवं. सूट सैल असेल तर प्रत्येक हालचालीला गरम पाणी बाहेर आणि गार पाणी आत, म्हणजे तळ फुटलेल्या बादलीत गिझर चालू ठेवून बसल्यासारखं. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता ओढून घेतं. अंग ३७ अंशांवर आणि समुद्र २८ वर असला तरी तासाभरात माणूस गारठतो तो म्हणूनच. ३ एमएम जाडीचा नीट बसलेला सूट ५ एमएमच्या ढगळ सूटपेक्षा जास्त उबदार असतो असं मी कुणालाही ठामपणे सांगते.

मला हे कळलं ते मालवणात. पुण्याहून रात्री निघून फोंडा घाट उतरून सकाळी पोचलो, आणि बोटीवर मला जो सूट दिला तो पुरुषांचा मीडियम होता. छातीवर आणि कुल्ल्यांवर असा आवळलेला की श्वास अर्धाच घेता येत होता, आणि कंबरेच्या मागे मात्र आख्खी मूठ जाईल एवढी पोकळी. पाण्यात गेले. मान खाली घातली की मानेपासून मणक्यावरून एक गार धार सरळ त्या पोकळीत उतरायची, तिथे साठायची, पाय मारला की घोट्यातून निघून जायची आणि लगेच वरून नवीन. पंधरा मिनिटात दात वाजायला लागले. समोरून पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांचा आख्खा थवा गेला आणि मी त्याच्याकडे न बघता बोट कुठंय ते शोधत होते, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तर बायकांचा सूट वेगळा का, हे ज्यांनी कधी ब्लाउज शिवून घेतलाय त्यांना समजवावंच लागत नाही. पुरुषाचा शर्ट आपल्याला का बसत नाही? खांदे रुंद, मुंढे खोल, छातीला गोलाई नाही, कंबर-कुल्ल्याचा फरक धरलेला नाही आणि धडाची लांबी वेगळी. कापड असेल तर लोंबतं एवढंच, पण वेटसूटमध्ये जिथे कापड अंगापासून सुटलं तिथे पाणी साठलं. बायकांच्या सूटमध्ये छातीपाशी कटोरी किंवा प्रिन्सेस कटसारखे वेगळे तुकडे जोडून गोलाई आणतात, पाठीच्या खळग्यात तुकडा आत वळवतात, कुल्ल्यांना जागा देतात. नुसत्या गुलाबी पट्ट्या लावलेला पुरुषी कट पण 'लेडीज' म्हणून विकला जातो, तेव्हा रंग बघू नका, उलटा करून तुकडे बघा, पुढचा भाग एकच सपाट पत्रा असेल तर ठेवून द्या. उलट एखादीचे खांदे रुंद, कंबर सरळ, उंची चांगली असेल आणि तिला पुरुषांचा सूट बसत असेल तर तो तिने बिनधास्त घ्यावा. लेबलला पाणी विचारत नाही.

मापं. छाती, कंबर, कुल्ले, उंची, वजन हे तर सगळे विचारतात. पण सगळ्यात महत्त्वाचं माप ते नाही, आणि ते आपण कधी घेतलेलंच नसतं. मानेलगतच्या खांद्यावर टेप धरायची, छातीवरून, पोटावरून खाली न्यायची, आसनातून मागे काढायची आणि पाठीवरून वर त्याच खांद्यावर आणून टेकवायची. हा धडाचा आख्खा वळसा. एकटीने जमत नाही, काकूंनी मला दाराला पाठ लावून उभं केलं आणि टेप आसनातून ओढून घेताना म्हणाल्या, "ताठ उभी राहा, श्वास रोखू नकोस." श्वास रोखला तर माप खोटं येतं हे त्यांचं म्हणणं पाण्याखाली तर शंभर टक्के खरं. सूटच्या आत जो कॉस्च्यूम घालणार तोच घालून माप घ्यायचं. पॅडवाली किंवा तारेची ब्रा नको, तार दाबाखाली बरगडीत रुततेच आणि छातीचं मापही फुगतं. आणि पाळीच्या आधी चार-पाच दिवस अंगावर सूज असते तेव्हा घेतलेलं माप आणि नंतरचं माप यात फरक पडतो, तर दोन्ही वेळा घ्या आणि मोठं धरा.

हा वळसा एवढा का महत्त्वाचा? सूट धडात आखूड असला तर तो खांदे खाली ओढतो आणि आसन वर चढतं किंवा चढतच नाही, मांड्यांच्या मध्ये लोंबत राहतं. मग पोहताना प्रत्येक हाताला तुम्ही रबर ताणत असता, अर्ध्या तासात खांदे भरून येतात आणि आपल्याला वाटतं की आपला स्टॅमिनाच कमी. धडात लांब असला तर पोटावर आणि पाठीत वळ्या पडतात, त्या वळ्या म्हणजे पाण्याच्या पिशव्याच.

आता आपल्याकडच्या बायकांची खरी अडचण. भारतीय बायकांची सरासरी उंची साधारण १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट, आणि कंपन्यांचे सूटच्या साइजचे तक्ते बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या उंच बायका धरून केलेले. धरून चाला की तुम्ही पाच फूट आणि ६२ किलो, दोन मुलं झालेल्या, छाती-कुल्ला भरलेला. तक्त्यात उंचीवर बोट ठेवलं तर एक्सएस येतं, वजनावर ठेवलं तर एम. कुठला घ्यायचा? तर उत्तर असं की छाती, कुल्ला आणि धडाचा वळसा हे तीन ज्यात जमतात तो, आणि हातापायाच्या लांबीकडे दुर्लक्ष करायचं. हात-पाय लांब झाले तर उपाय आहे, धडाला उपाय नाही. बऱ्याच कंपन्या आकड्याच्या साइजमध्ये शॉर्ट आणि टॉल वेगळे काढतात, ८ च्या पुढे इंग्रजी एस किंवा टी लावलेलं असतं, म्हणजे घेर ८ चाच पण लांबी कमी किंवा जास्त. आपल्यासाठी हे शॉर्टवाले साइज म्हणजे लॉटरी आहे, दुकानात नसतात, मागवावे लागतात, पण शोधा. आणि अमेरिकन ८ आणि ब्रिटिश ८ एक नव्हे हं, ब्रिटिश आकडा साधारण चारने मोठा असतो, अमेरिकन ८ म्हणजे ब्रिटिश १२ च्या आसपास. एका कंपनीचा साइज दुसरीला लावू नका, प्रत्येकीचा तक्ता वेगळा उघडायचा.

इतकं करूनही एकाच सूटमध्ये छाती आणि कंबर जमत नसेल तर दोन तुकड्यांचा घ्या, खाली बिनबाह्यांचा लांब पायांचा आणि वरून जॅकेट. दोन्ही वेगवेगळ्या साइजचे घेता येतात आणि धडावर दुहेरी थर येतो तो फायदाच. मापावर शिवून देणारेही परदेशात आहेत, वीस-वीस मापं मागतात आणि किंमत बरीच जास्त, पण ज्यांना रेडीमेड खरंच बसत नाही त्यांनी लाजून गप्प बसण्यापेक्षा तो विचार करावा. आपल्या नेहमीच्या टेलरकडे नवीन शिवायला देऊ नका, सुई आरपार गेली की त्या भोकातून पाणी येतं. चांगला वेटसूट शिवताना सुई अर्ध्या जाडीपर्यंतच जाऊन वळते, त्याचं मशीनच वेगळं असतं.

घालून बघताना घाई नको. पुण्यात मे महिन्यात हा उद्योग करू नका, घामाने सूट अंगाला चिकटतो आणि चढतच नाही, मग साइज लहान आहे असं वाटून मोठा घेतला जातो. नखं कापा, अंगठ्या-बांगड्या काढा, पायात प्लॅस्टिकची पिशवी किंवा पातळ मोजा घालून पाय सरकवा. बोटांच्या टोकाने नाही, बोटांच्या गादीने चिमटीत धरून थोडं थोडं वर चढवत न्यायचं, आधी घोटे जागेवर, मग गुडघे, मग आसन पूर्ण वर, आणि आसन जागेवर बसल्याशिवाय हात घालायचेच नाहीत. निम्म्या बायका इथे चुकतात, आसन दोन इंच खाली राहतं आणि चेन लागत नाही म्हणून सूटला दोष देतात. दहा-पंधरा मिनिटं लागतात, लागू द्या.

चेन लावली की आरशासमोर उभं न राहता हालचाल करायची. हात सरळ वर, काखेत पोकळी राहते का, मुंढा ओढतो का. उकिडवं बसायचं, आसन आणि गुडघे. मग कुणाला तरी पाठीच्या खळग्यातलं रबर चिमटीत धरायला सांगायचं, सहज चिमटीत आलं तर सैल आहे. छातीच्या खाली, जिथे गोलाई संपते तिथेही बोट फिरवून बघायचं, भरलेल्या छातीच्या बायकांना तिथे हमखास फट राहते. मनगट आणि घोट्याला सूट गोल बसलेला हवा, एक बोट कसंबसं जाईल इतका. हे सगळं कोरड्यात घट्टच वाटलं पाहिजे, कारण पाण्यात रबर थोडं सैलावतं. कोरड्यात "किती कम्फर्टेबल" वाटणारा सूट पाण्यात ढगळ होतो.

फक्त गळ्याच्या बाबतीत घट्ट म्हणजे चांगलं असं नाही. गळा नीट टेकलेला हवा, पण मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर दाब आला तर हृदयाचे ठोके मंदावतात, चक्कर येते, आणि ते पाण्यात झालं तर जिवावर बेततं. दहा मिनिटं घालून बसा, मान सगळीकडे वळवा, गिळून बघा, डोकं हलकं वाटलं तर तो सूट नको. छातीचंही तेच, पूर्ण खोल श्वास घेता आला पाहिजे, घट्ट मिठी मारल्यासारखं वाटलं तर ठीक, गुदमरल्यासारखं वाटलं तर नाही.

चेन पाठीवर की छातीवर? पाठीवरची चेन घालायला सोपी पण मणक्यावरून पाणी झिरपतं, छातीवरची जास्त उबदार पण डोक्यावरून ओढून काढताना खांदे पिळवटावे लागतात. पंचेचाळिशीनंतर फ्रोजन शोल्डरचा त्रास बऱ्याच जणींना असतो, त्यांनी उबेपेक्षा खांद्याचं ऐकावं, पाठीवरची किंवा सरळ पुढून पूर्ण उघडणारी चेन घ्यावी.

जाडी कुठे जाणार त्यावर. ३/२ लिहिलेलं असेल तर धडाला ३ एमएम, हातापायाला २ एमएम. तारकर्ली, गोवा, अंदमान इथे स्कूबासाठी ३ एमएम पुरतो. पण खोल गेलात की १० मीटरवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे दबून लहान होतात आणि सूट खरोखर पातळ होतो, म्हणून वर उबदार वाटलेला सूट खाली तितका वाटत नाही. ट्रायथलॉनचे, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ असलेल्या शर्यतीचे सूट वेगळे, बाहेरून गुळगुळीत, खांद्याला पातळ आणि मांड्यांना जाड म्हणजे पाय तरंगतात, ५ एमएमच्या वर चालत नाहीत. आयर्नमॅन या नावाने होणाऱ्या ट्रायथलॉन शर्यतींत पाणी २४.५ अंशांच्या वर असेल तर वेटसूट घालून बक्षिसासाठी उतरता येत नाही, आणि गोव्याचा समुद्र त्याहून गरम, त्यामुळे फक्त गोव्याच्या शर्यतीच्या तयारीसाठी वेटसूट घेऊ नका. परदेशातल्या थंड शर्यतीला जाणार असाल तर मात्र डिसेंबर-जानेवारीत पहाटे इथल्या उघड्या टँकवर सरांना विचारून चार-पाचदा नक्की पोहून बघा, नवीन सूट थेट शर्यतीत घालणं म्हणजे नवीन चपला घालून वारीला जाणं. टँकवर कुणी म्हणेल की सूट घालून पोहणं हे काही खरं पोहणं नव्हे. आरती साहा १९५९ साली इंग्लिश खाडी साध्या कॉस्च्यूमवर पोहून गेल्या आणि ती परंपरा मोठीच आहे, पण तुम्हाला तिथे जायचं नाहीये, तुम्हाला तासभर न कुडकुडता पाण्यात राहायचंय.

भाड्याचा सूट घ्यायची वेळ आली तर बुकिंग करतानाच फोनवर विचारा की लेडीज कटचे आहेत का, साइज कुठले, आणि बोटीवर नाही, किनाऱ्यावरच घालून बघा. नाही बसला तर बदलून मागा, यात संकोच कसला! त्याआधी बाथरूमला जाऊन या, कारण एकदा आख्खा सूट चढला की आपल्याला तो आख्खाच उतरवावा लागतो, आणि म्हणून पाणी न पिणं हा उपाय नाही, त्याने पोटऱ्यांत गोळे येऊ शकतात.

मानेला घासतं म्हणून व्हॅसलिन लावतात, ते पेट्रोलियमचं असतं आणि निओप्रीन खराब करतं. सिलिकॉनचं किंवा खास सूटसाठीचं मलम मिळतं ते लावा, नाहीतर आत रॅशगार्ड, म्हणजे अंगाला चिकटून बसणारा पातळ टी-शर्ट घाला. वापरून झाला की नळाच्या गोड्या पाण्याने धुवा, मशीन नको, ऊन नको, उलटा करून सावलीत, कंबरेत दुमडून जाड दांडीवर टाका, खांद्याने टांगला तर ओल्या वजनाने खांदे लोंबतात. पुण्याच्या पावसाळ्यात पूर्ण वाळायला दोन-तीन दिवस लागतात, अर्धवट वाळलेला कपाटात ठेवला की बुरशी धरते आणि तो वास मग जात नाही.

माझ्या आताच्या सूटचे पाय दोन इंच लांब होते. काकूंनी मला तो घालून पाटावर उभं केलं, खडूने घोट्याभोवती खूण केली, मग सूट काढून घेऊन त्यांच्या मोठ्या कात्रीने एका दमात कापला. निओप्रीनला धागे सुटत नाहीत, कड दुमडून शिवावीही लागत नाही, फक्त जिथे शिवण कापली जाते तिथे निओप्रीनच्या गोंदाचा एक ठिपका द्यायचा म्हणजे ती पुढे उसवत नाही. कापलेल्या दोन पट्ट्या काकूंनी ठेवून घेतल्या, मशीनच्या पेडलखाली घालायला.